सुतारपक्ष्याची चोच आणि राजवैद्याची बोटं

घसा बसलाय माझा, तरी तुम्हाला गोष्ट हवीच. बसा मग. मधे कुणी बोलायचं नाही.

एका राज्यात अंबुराव नावाचा राजवैद्य होता. तिथली रीत अशी, की माणूस अंथरुणाला खिळल्याशिवाय वैद्याला बोलवायचं नाही. उभ्या माणसाची नाडी धरणं म्हणजे अपशकुन. पडलेल्याला उठवलं, की राजा वैद्याच्या पगडीत मोत्याचा तुरा खोवी. अंबुरावाच्या पगडीत सत्तावीस तुरे होते.

ह्याच रीतीपायी राज्याला शाप लागलेला. अंबुरावाचा आजाही राजवैद्यच. त्याच्याकडे एक जखीण चालत आली, म्हणाली, "बारीकसं दुखतंय." आजा म्हणाला, "पडशील तेव्हा ये." जखिणीनं शाप दिला, "इथं दुखणं पिकेपर्यंत कुणाला दुखणार नाही. राजवैद्य भर दरबारात उभ्या माणसाचं दुखणं सांगेल, तेव्हाच हे सुटेल."

पुढं दरबारात एक सुतारपक्षी आला. झाडावर चोच मारून आतली कीड ओळखावी, तसा तो माणसाच्या नखावर टकटक करी आणि आतलं दुखणं सांगे. पहिल्या दिवशी प्रधानाला म्हणाला, "यकृत पोखरतंय." दुसऱ्या दिवशी सेनापतीला म्हणाला, "छातीत पाणी धरतंय." दोघांनी गुपचूप काढे घेतले, दोघे बरे झाले. कुणी पडलंच नाही, मग तुरा कसला मिळतो?

अंबुराव चरफडत घरी गेला. बायकोला म्हणाला, "चाळीस वर्षं मुळ्या कुटल्या मी. अन् कौतुक त्या टकटक्याचं."

"मग तुम्हीही टकटक करा," बायको म्हणाली. त्या दिवशी तो जेवला नाही.

महिन्याभरानं पक्ष्यानं राणी चंपावतीच्या नखावर चोच मारली. "कानामागं गाठ आहे. मोहरीएवढी. आजपासून लेप लावला, तर विरेल. सुपारीएवढी झाली, तर राणी वाचणार नाही."

अंबुराव ताडकन उठला. "महाराज, पाखरू राणीसरकारांचं मरण चिंतितं. खोटं ठरलं तर चोच छाटा त्याची."

"तपासा," राजा म्हणाला.

अपशकुन बाजूला ठेवून अंबुरावानं कानामागं बोटं फिरवली. बोटं एका जागी थांबली. मोहरीच होती.

"काही नाही," तो म्हणाला.

कात्री आली. पक्ष्यानं मान पुढं केली. "वैद्यबुवा, बोटं शहाणी आहेत तुमची. तोंडच तेवढं खोटं बोलतं."

राणी हसली. "वैद्यबुवा काही नाही म्हणतात, म्हणजे नसेलच. अन् पडलेच मी, तर उठवतील तेच."

अंबुरावानं मनातल्या मनात तुरे मोजले. सत्तावीस तुऱ्यांत तापाचे होते, सर्पदंशाचे होते. गाठीचा एकही नव्हता. गाठीची माणसं त्याच्या हाती आली ती गाठ सुपारीएवढी झाल्यावरच, आणि सगळी दगावली होती.

"थांबा," तो दात खाऊन म्हणाला. "आहे गाठ. त्या पाखराच्या आधी मला सापडायला हवी होती."

तेवढ्यानं शाप सुटला. दरबारभर कण्हणं सुरू झालं. राजानं गुडघा धरला, भालदारानं दाढ धरली, कात्रीवाल्याच्या पाठीत उसण भरली. जन्मात पहिल्यांदा सगळ्यांना बारीकसं दुखत होतं. आणि सगळे आपल्या पायांनी अंबुरावापुढं रांगेत उभे राहिले.

राणीची गाठ तीन महिन्यांत विरली. राजानं जुनी रीत मोडली. उभ्या माणसाला तपासील तोच वैद्य, असा हुकूम सुटला. पक्ष्याला वैद्याच्या शेजारी चंदनाचा खुंटा मिळाला. आता दोघं रोज मांडीला मांडी लावून दुखणी शोधतात. आधी चोच वाजते, मग बोटं फिरतात, आणि बोटांना आधी सापडलं तर वैद्य दिवसभर खुशीत असतो.

राणीची त्यानं माफी मागितली, राजाचीही मागितली. पण ज्याची चोच छाटायला निघाला होता, त्या सुतारपक्ष्याची माफी मागायची अजून राहिली आहे. ती मागायची कुणी? राजवैद्य अंबुरावानं.