दार आधी, भिंती मागून

“मकामे, माझ्या नव्या हवेलीला दार एकच. आत येणारा प्रत्येक जण त्यातून वाकूनच आला पाहिजे. मी मात्र तसूभरही वाकणार नाही! महिन्याभरात जमलं नाही, तर तुझी हत्यारं जप्त आणि तू पहिल्या गलबतानं बेटाबाहेर!”

किसिवानी बेटाच्या सुभेदार नासोरनं असं फर्मान सोडलं. स्वाहिली किनाऱ्यावरचं हे बेट कोरीव दारांसाठी नावाजलेलं आणि मकामे तिथला सगळ्यात जुना सुतार. सुभेदार स्वतः ताडमाड उंच, वर ही भलीमोठी पगडी. आता बोला!

मकामे घरी येऊन डोकं धरून बसला. “दार ठेंगणं केलं तर सुभेदार वाकणार, उंच केलं तर कुणीच वाकणार नाही. तातू, पोरी, ह्या वयात बेट सोडून मी कुठं जाऊ गं?” बिचाऱ्याचे डोळे भरून आले.

त्याची लेक तातू नारळ खवत होती. खवणीवरून न उठताच म्हणाली, “बाबा, तुम्ही दार छातीइतकं करा. पुढचं माझ्यावर सोडा.”

महिन्यानं दार उभं राहिलं. ह्या लोकांची रीतच अशी, की आधी दार उभं करायचं आणि मग त्याच्यामागं घर बांधायचं. मोकळ्या वाळूत नुसतं दार! सागवानावर मासे, साखळ्या, खजुराची पानं, काय ते कोरीवकाम! बघायला अख्खा गाव लोटला. बडे बडे शेख आणि व्यापारी वाकून वाकून पलीकडे गेले. सुभेदार खूश! मग तोही दारापाशी आला आणि थबकला. बाजूलाच बापाशेजारी तातू उभी होती.

“आणि मी गं?”

“आपण बाजूनं या की, हुजूर! भिंत कुठं आहे अजून?”

सुभेदार ऐटीत वळसा घालून गेला आणि पलीकडच्या खुर्चीवर बसला. पगडी जरासुद्धा हलली नाही! तातूनं लगेच गवंड्यांना हाक मारली, “चला रे, आणा दगड! चारी बाजूंनी भिंती चढवा!”

“अगं ए, थांब!” सुभेदार ओरडला. “मग मी बाहेर कसा येणार?”

“बाहेर कशाला, हुजूर? बाहेर यायचं म्हणजे दारातून यायचं, नि दारातून यायचं म्हणजे वाकायचं. ते तर आपल्याला चालत नाही! जेवण आत येईल, पाहुणे वाकत येतील. बसा निवांत!”

मकामेनं घाईघाईनं हात जोडले. सुभेदारानं दाराकडे पाहिलं, गवंड्यांकडे पाहिलं आणि असा खो खो हसत सुटला, की पगडी वाळूत पडली!

“हरलो गं बाई! मकामे, हत्यारं तुझी, बेटही तुझं. दार तेवढं माझ्या उंचीचं कर. आणि पोरी, तुला काय हवं?”

“उद्या आमच्याकडे आल्याची कॉफी घ्यायला या!”

दुसऱ्या दिवशी सुभेदार मकामेच्या झावळ्यांच्या झोपडीपाशी आला. दार जेमतेम छातीइतकं!

“इथं भिंती आहेत वाटतं?”

“आहेत हुजूर, चांगल्या पक्क्या!”

सुभेदारानं पगडी काखेत मारली, वाकला आणि आत शिरला. “घे पोरी, गाडीभर सागवान आणलंय तुला. तुमचंही दार उंच करून टाका!”

“सागवान ठेवून घेते, हुजूर. दार मात्र असंच राहू दे. आपण पुन्हा येणार ना!”

सुभेदाराचं हसणं पार बंदरापर्यंत ऐकू गेलं.