फणसाखालची आरास

एका गावात एका घरामागे इतका दाट फणस होता, की भर दुपारीही त्याच्याखाली संध्याकाळ असायची. फळं बरकी, बुळबुळीत; घरात कुणी हौसेने खात नसे. पण सासूबाईंचा राग वेगळाच होता. फणसाखाली एक फूल फुलत नाही, म्हणून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांना दरवर्षी शेजारणीकडे फुलं मागावी लागत. आणि शेजारीण फुलं देताना हसे.

हिवाळ्यात त्या घरात धाकटी सून आली. बोलायची कमी, बघायची फार. नव्या सुनेला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे बघायला वेळही भरपूर मिळतो.

तिने आल्याआल्या फणसाखाली झेंडू लावला. रोपं लांबट, फिकट झाली आणि माना टाकून बसली.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "या मेल्याखाली काही होत नाही. तोडणाऱ्याला बोलावतेच आता."

धाकटीने चटकन फणसाकडे पाहिलं. सासरी कुणाशी न बोलता बसता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

"आई, गौरीपर्यंत थांबा ना. या वर्षीची फुलं मी देते. फणसाखालचीच."

भांडी घासता घासता थोरली जाऊ फिस्सकन हसली. "आणि नाही फुलली तर?"

"तर तोडणाऱ्याच्या हातात कुऱ्हाड मी देईन."

बोलून गेली, आणि मग तिला घाम फुटला.

त्याच सुमारास माळ्यावरच्या लाकडी पायऱ्यांना वाळवी लागली, म्हणून सासूबाईंनी त्या उन्हात काढल्या.

"या कशाला हो, आई?"

"आराशीला गं. वर गौर, मग खेळणी, खाली फराळ. मागचं उंच, पुढचं बुटकं. कुणी कुणाला झाकायचं नाही."

धाकटी ताडकन उठली. पदर खोचला आणि थेट फणसाखाली! कुठे कवडसे पडतात, कुठे मुळीच पडत नाहीत, ते बघत हिंडली. माहेरी निरोप गेला: उन्हात रुसणारी जेवढी झाडं असतील तेवढी पाठवा.

मग फणसाच्या खोडावर पानवेल चढली. तिच्यापुढे उंच पानांचा सोनटक्का, कवडशांच्या जागी अबोली, तिच्या पायाशी विहिरीच्या काठावरचे नेचे. सगळ्यात पुढे तिने भुईचाफ्याचे कंद पुरले. वर दिसायला नुसती माती.

"पुढची पायरी रिकामीच?" थोरलीने विचारलं. "तिथे काय, ढेकळं मांडणार?"

"ती पायरी उशिरा येणार आहे, जाऊबाई. नटायला वेळ लागतो."

चैत्र आला. अबोली केशरी झाली, नेच्यांनी कोवळे आकडे उलगडले. सासूबाई येताजाता डोकावू लागल्या, पण बोलल्या एवढंच, "अबोली वेणीपुरती झाली. गौरीच्या पायाशी काय, माती?" हळदीकुंकवाचा दिवस ठरला. तोडणाऱ्यालाही त्याच दिवशी सकाळी यायला सांगितलं. आदल्या संध्याकाळीसुद्धा पुढची जागा उघडीबोडकी होती. धाकटीला जेवण गेलं नाही.

सकाळी परसातून थोरलीची किंकाळी आली.

"अगं, धावा! पाय कुठे ठेवू मी?"

सगळ्या धावल्या. थोरली एका पायावर उभी होती, हातात खरकट्याची बादली. तिच्याभोवती एक पान नाही, देठ नाही, आणि जमिनीतून थेट पांढरी-जांभळी फुलंच फुलं वर आली होती! वास तर असा, की सासूबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"हलू नकोस गं," त्या थोरलीला म्हणाल्या. "तुडवशील!"

इतक्यात तोडणारा खांद्यावर कुऱ्हाड टाकून आला. "कुठून सुरुवात करू?"

धाकटीने सासूबाईंकडे बघितलं.

"आलायस तर," सासूबाई म्हणाल्या, "त्या वाळवीच्या पायऱ्या फोड. चुलीला होतील. यंदा गौर फणसाखाली बसणार."

आणि बसली! मागे हिरवी पानवेल, पायाशी भुईचाफा. पन्हं पिता पिता शेजारणीने हळूच विचारलं, "एखादा कंद मिळेल का हो?"

"देऊ की," सासूबाई म्हणाल्या, आणि मनसोक्त हसल्या. "पण आमच्या धाकटीला विचारा. बाग तिची आहे."

तात्पर्य इतकंच: सावलीवर कुऱ्हाड उचलण्याआधी सावलीत काय रमतं ते बघावं, आणि एखादी जागा रिकामी दिसली, तरी तिथे पाय देण्याआधी जरा थांबावं.