वरच्या आळीचा शिष्य

एका मठात एकदा एक शिष्य राहत होता आणि त्याचं अगदी उत्तम चाललं होतं. खरी अडचण तीच होती, पण ती त्या बिचाऱ्याला कुठून कळणार!

मठाचा नियम साधा. सकाळी शिष्यानं झोळी घेऊन गावात माधुकरी मागायची आणि मिळेल त्यात वृद्ध आचार्यांचं आणि त्याचं पोट भरायचं. गावात आळ्या दोन. वरच्या आळीतल्या बायका मोठ्या भाविक. हा दारात उभा राहिला, की "आले हो महाराज!" म्हणत गरम पोळी वाढायच्या, वर तुपाची धार. हा मग वैराग्यावरचा आपला ठरलेला श्लोक म्हणायचा. जिभेचे चोचले सोडावेत, असा काहीसा तो श्लोक होता. बायका डोळे मिटून माना डोलवायच्या आणि आणखी एक पोळी वाढायच्या. खालच्या आळीत मात्र हा कधी फिरकला नाही. तिथं येसूआजी नावाची फटकळ म्हातारी राहायची. तिचं नाव काढलं तरी हा वाट बदलायचा.

येत्या पौर्णिमेनंतर त्याला दूरच्या एका गावचा मठ एकट्यानं सांभाळायचा होता. त्याची त्याला तिळमात्र काळजी नव्हती. काळजी होती ती आचार्यांना.

एके सकाळी तो वरच्या आळीत गेला, तर सगळी दारं बंद. एका खिडकीतून रडवेला आवाज आला, "महाराज, आमचा नाइलाज आहे हो! काल आचार्य स्वतः येऊन हात जोडून सांगून गेले, याला काही वाढू नका म्हणून."

शिष्य तणतणत मठात परतला. आचार्य ध्यानाला बसले होते, निदान तसं दिसत तरी होतं.

"आचार्य, हा काय प्रकार आहे?"

आचार्यांनी एक डोळा उघडला. "सांगतो. पण उपाशीपोटी बोलवत नाही रे. आधी भिक्षा आण."

उरली खालची आळी. देवाचं नाव घेत तो येसूआजीच्या दारात उभा राहिला आणि चाचरत श्लोक म्हणून मोकळा झाला.

"आवाज बरा आहे," म्हातारी म्हणाली. "अर्थ काय याचा?"

शिष्य उगाच झोळी सावरू लागला. इतक्या वर्षांत असलं कुणी विचारलंच नव्हतं! "अर्थ... फार गहन आहे, आजी."

"असं होय? मग माझी भाकरीही गहन आहे. कळला की ये."

त्या दिवशी मठात गुरुशिष्य पाण्यावर राहिले. आपल्यापायी म्हाताऱ्या गुरूला उपास घडला, या विचारानं शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारभर तो पोथी घेऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येसूआजीच्या दारात गेला. यावेळी त्यानं अर्थ सांगितला.

आजीनं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू रोज तूप कशाला खातोस?"

शिष्याच्या मदतीला एकही संस्कृत शब्द येईना. शेवटी तो म्हणाला, "आवडतं म्हणून, आजी. सुटत नाही."

म्हातारी खळखळून हसली. "आत्ता कसं खरं बोललास! बस इथं." मग तिनं त्याच्याशी मनसोक्त वाद घातला. वाद घालता घालता त्या श्लोकाचं मर्म शिष्याला स्वतःलाच प्रथम उमगलं. झोळीत भाकरी आणि ठेचा घेऊन तो जवळजवळ धावतच मठात आला.

जेवण झाल्यावर आचार्य म्हणाले, "बाळ, वरच्या आळीत तू काहीही म्हटलं असतंस, तरी माना डोलल्याच असत्या. तिथं तुझं पोट वाढत होतं, तू तेवढाच राहिला होतास. पौर्णिमेनंतर तुला सगळंच गाव अनोळखी. पहिल्यांदा अडखळायचं, तर ते इथं अडखळावंस असं मला वाटलं. इथं तुझ्यासोबत उपाशी बसायला मी तरी होतो."

शिष्याचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं त्यानं भीतभीत विचारलं, "आचार्य, एवढे कष्ट घेऊन वरच्या आळीत दारोदार फिरलात. त्यापेक्षा मला धडा शिकवायला येसूआजीकडेच एक शब्द का नाही टाकलात?"

आचार्य स्वतःशीच हसले, उठले आणि खुंटीवरची आपली जुनी झोळी काढून तिच्यावरची धूळ झटकू लागले.

"उद्या मीही येतो," ते म्हणाले. "फक्त पुढे तू राहा. त्या बाईची मलाही धास्ती वाटते रे."