तूपभात आणि शिंपल्या

कोंबड्या माणसांशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. शेवंताकाकूने हौसेने पहिल्यांदाच चार कोंबड्या पाळल्या. माहेरवाशिणीचे लाड करावेत तसा ती त्यांना रोज तूपभात घाली. तरी अंडी मऊच, हातात घेताच फुटणारी. त्यात एक दिवस तांबडी कोंबडी भिंतीचा चुना टोचताना सापडली.

"मेले, तूपभात घालते तरी भिंत खातेस?" काकू कडाडली.

"भात गोड आहे गं काकू," तांबडी म्हणाली, "पण अंड्याला कवच कशाचं करू?"

त्या दुपारी तिसऱ्यांच्या कालवणातल्या शिंपल्या काकूने नेहमीसारख्या कुंपणापलीकडे भिरकावल्या नाहीत. कुटून कोंबड्यांपुढे पसरल्या.

आठवड्याने टोपलीत ठेवताना अंडं टक्कन वाजलं, पण फुटलं नाही.

तांबडी म्हणाली, "आता कसं माहेरी आल्यासारखं वाटतंय!"