बावन्न घरांची तुला

“मग वजन करायचंच नाही का, मास्तर? डोळे मिटून औषध द्यायचं?”

केरूमास्तर ओट्यावर बसून शिंदीच्या पात्यांची केरसुणी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

डॉक्टर आसावरी देवस्थळी समोर उभीच होती. बस म्हटलं तरी ती बसत नसे. घाईत असलेल्या माणसानं बसू नये, असा तिचा एक नियम होता.

उंबरदरा ही डोंगराच्या खांद्यावरची बावन्न घरांची वाडी. एका संस्थेनं घाटाखाली दवाखाना काढला होता आणि वर वाडीत शाळेच्या दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. त्या संस्थेचा एक जुना शिरस्ता होता. नवा डॉक्टर आला की पहिलं वर्षभर त्यानं महिन्यातून एकदा केरूमास्तरांपाशी जाऊन बसायचं.

मास्तरांना औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी ते पाटी-पेन्सिली घेऊन इथं आले, उंबराखाली पोरं बसवली, पुढं निवृत्त झाले आणि घरी परत जायचं विसरले, असं लोक गमतीनं सांगत.

आसावरीला हा शिरस्ता मुळीच पटला नव्हता. तिला सुवर्णपदक मिळालेलं होतं. ते ती कधी कुणाला सांगत नसे, पण न सांगण्यातही ते दिसायचं. तिची हुशारी तिच्या आधी घाट चढून वाडीत पोचायची. जुन्या सातवीवर मास्तर झालेल्या माणसाकडून आपण काय शिकायचं, हा प्रश्न तिनं मनात ठेवला होता, एवढीच काय ती तिची नम्रता.

पण आज ती शिकायला नव्हे, तक्रार घेऊन आली होती.

चार महिने ती दर बुधवारी वर यायची, झोळीचा काटा टांगायची आणि मुलांची वजनं करायची म्हणायची. पहिल्या महिन्यात पाच मुलं आली. दुसऱ्या महिन्यात दोन. नंतर बुधवार उजाडला की वाडीतली सगळी लेकरं आयांच्या कडेवरून रानात जायला लागली. तिनं चित्रं दाखवली, तक्ते लावले, घरोघर फिरून घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी.

तेही तिनं सोसलं असतं. पण राहीची मैना होती ना.

मैना दोन वर्षांची. आसावरीनं तिला एकदाच पाहिलं होतं, उंबरठ्याआड आईच्या कडेवर. पायांच्या काड्या, चेहरा म्हातारीचा, आणि रडायचंही त्राण नाही. तेवढ्यात राहीची सासू ठकूबाई पुढं झाली आणि दार लागलं. त्याला चार दिवस झाले होते.

“ती पोरगी खालच्या वॉर्डात यायला हवी,” ती म्हणाली. “आठ दिवस आहेत, मास्तर. फार तर दहा. नंतर मी काही करू शकणार नाही.”

मास्तरांचे हात थांबले.

“पोलीस पाटलांना घेऊन जाते. दुसरा उपाय नाही.”

“जा.”

“तुम्ही जा म्हणता…?”

“ठकूबाई मागच्या दारानं डोंगर चढेल. नातीला घेऊन. गुहा तिला तुझ्याहून जास्त ठाऊक आहेत.”

आसावरीनं वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

“काटा कुठं टांगतेस?” मास्तरांनी विचारलं.

“वाडीच्या तोंडाशी. त्या बेहड्याला. फांदी भक्कम आहे.”

“त्या फांदीला आणखी कोण काटा टांगतं?”

तिला आठवावं लागलं. चैत्र लागल्यापासून हिरड्याचा व्यापारी घाटाखाली टेम्पो लावून वर येत होता. बायका रानातून वेचून आणलेला हिरडा पोत्यांनी रचून ठेवत, आणि व्यापाऱ्याचा आकडा त्याच फांदीला लागे.

“तोलून झाल्यावर हिरडा कुठं जातो?”

“खाली. टेम्पोतून.”

“परत येतो?”

“परत कसा येईल…”

तिचं वाक्य तिथंच राहिलं.

मास्तरांनी केरसुणीला एक पीळ दिला. “या बायांनी जे जे त्या आकड्याला लोंबकळताना पाहिलं, ते ते गेलं. पोतं गेलं. बोकड गेला. मध गेला. आता तू म्हणतेस, लेकरू लावा.”

तिचे कान तापले. चार महिने आपण त्यांना अडाणी म्हणत होतो, हे तिला आठवलं, आणि तिनं ते लगेच विसरायचा प्रयत्न केला.

“पण मास्तर, ही समजूत आहे. मूल तोलल्यानं मूल जात नाही. कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं की नको?”

“मूल तोलू नये, असं कोण म्हणतं?”

“ते म्हणतात ना.”

“मी स्वतः या वाडीत शंभरावर पोरं तोललीत. त्यातली कैक आता बाप झालीत.”

आसावरी ओट्यावर बसली. नियम मोडून बसली, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

मास्तरांनी मग सांगितलं ते असं. मूल दोन वर्षांचं झालं की उंबरदऱ्यात भैरवनाथापुढं त्याची तुला होई. देवळाच्या आढ्याला एक जुनी लाकडी दांडी आहे, तिला वेताच्या दोन टोपल्या. एका टोपलीत मूल बसवायचं. दुसऱ्या टोपलीत वाडीतल्या प्रत्येक घरानं एक ओंजळ नाचणी घालायची. बावन्न घरं, बावन्न ओंजळी. तरी टोपली वरच राहायची, आणि मग मामानं गुळाच्या ढेपा टाकून ती समेला आणायची. ते धान्य मुलाच्या घरी जाई, गूळ वाडीभर वाटला जाई. तुलेसाठी घरातून निघालेली ओंजळ मात्र परत घरात न्यायची नाही, असा दंडक होता. दहा-बारा वर्षांत माणसं कामाला खाली जायला लागली आणि प्रथा मागं पडली.

“त्या तुलेनं मूल वाडीत राहतं,” मास्तर म्हणाले. “तुझ्या काट्यानं जातं. दोन्ही वजनंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ठकूबाईच्या अंगणात जाऊन बसले. आसावरीला त्यांनी कुडाबाहेर उभं राहायला सांगितलं होतं. तिला वाटलं, आता ते आजारपणाचं काढतील, समजावतील, दोन शब्द रागाचे बोलतील. मास्तर नाचणीवर बोलले, म्हशीवर बोलले. मग सहज विचारावं तसं विचारलं, मैनीची तुला राहिलीच की, ठकू?

ठकूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

मग म्हणाली, तिचा मामा खाली वीटभट्टीवर गेलाय, गूळ कुठला आणायचा. मास्तर म्हणाले, गुळाचं गुळाच्या वेळी बघू. दांडी तर जाग्यावर आहे.

ठकूबाई उठली आणि शेण कालवायला लागली. देवळापुढचं अंगण तिनं स्वतः सारवलं. दुपारपर्यंत वाडीभर निरोप गेला.

“मी कुठं उभी राहू?” आसावरीनं विचारलं.

“रांगेत. दवाखानाही या वाडीचं एक घर आहे, त्रेपन्नावं. शेवटी उभी राहा.”

मास्तरांनी आपल्या मडक्यातली नाचणी तिच्या ओंजळीत ओतली. वही काखेत, ओंजळ पुढं, अशी ती रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. दवाखान्यात तिच्यापुढं रांगा लागत. रांगेत उभं राहायची वेळ तिच्यावर फार दिवसांनी आली होती.

राहीनं मैनेला टोपलीत बसवलं. पोर बसेना, कलंडायला लागली, तेव्हा राहीनं तिच्या पाठीशी गोधडीची घडी लावली आणि ती घडी पाहून ठकूबाईनं तेवढीच दुसरी घडी समोरच्या टोपलीत टाकली. तोल म्हणजे तोल. त्यात लबाडी चालत नाही.

मास्तर दांडीपाशी उभे राहिले आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी घरं पुकारू लागले.

“गभाल्यांचं घर.”

पहिली ओंजळ पडली.

“लोहकऱ्यांचं थोरलं घर… लोहकऱ्यांचं धाकटं घर… असवल्यांचं घर…”

बायका येत होत्या, ओंजळ रिकामी करून देवाला हात जोडत होत्या आणि बाजूला होत होत्या. कुणी गाणं धरलं होतं. चैत्राचं ऊन देवळाच्या पायरीवर आलं होतं. कैक वर्षांनी वाडीत तुला होत होती आणि म्हाताऱ्या खुशीत होत्या. आसावरीला एकाएकी वाटलं की आपण फार मोठ्या घरात आलो आहोत आणि इतके दिवस त्याच्या अंगणातून ओरडत होतो.

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

एकतिसावं घर घोड्यांचं. त्या घरची सून पुढं झाली, तिनं ओंजळ सोडली, आणि टोपली खाली आली.

दांडी समेला आली.

प्रथम कुणाला काही कळलं नाही. गाणारी गात होती. बत्तिसाव्या घरची बाई टोपलीवर हात धरून उभी होती आणि मास्तर तिचं घर पुकारत नव्हते.

मग गाणं थांबलं.

ती बाई मास्तरांकडं बघू लागली. तिच्या मागची तिच्याकडं बघू लागली. टोपलीत आता दाणा घातला तर मैना वर उचलली जाईल, हे सगळ्यांना दिसत होतं. ओंजळ परत घरी न्यायची नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्या अंगणात असं कधी झालं नव्हतं. प्रत्येक पोरानं सगळी वाडी रिचवली होती, वर मामाचा गूळ रिचवला होता.

मास्तरांनी फक्त दांडीवरचा हात काढून घेतला.

दांडी तशीच राहिली.

ठकूबाई टोपलीपाशी उभी होती. तिनं टोपलीतल्या नाचणीकडं पाहिलं. मग तिची नजर रांगेवरून गेली. एकेका ओंजळीवरून, सावकाश, शेवटच्या डॉक्टरणीपर्यंत गेली आणि तिथून परत आली. चार महिन्यांत आसावरीनं जे सांगून सांगून घसा कोरडा केला होता, ते म्हातारी एकटी उभी राहून वाचत होती. असं काही आसावरीनं कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढं ती जिथं जिथं गेली, तिथं तिला हे अंगण दिसत राहिलं.

ठकूबाईनं वाकून नातीला उचललं. पदरात गुंडाळलं. मग ती रांगेच्या कडेनं चालत शेवटाला आली.

“बाई,” ती म्हणाली, “तुजी गाडी कुठं हाय?”

“घाटाच्या पायथ्याशी,” आसावरी म्हणाली.

“चल मंग.”

राही मागोमाग निघाली. आणि तिच्यामागं, कुणी न सांगता, ती उरलेली रांग निघाली. एकवीस बायका, ओंजळी तशाच भरलेल्या, डोंगराच्या पायवाटेनं खाली. तुलेची ओंजळ घरी न्यायची नव्हती ना. हात मोकळे नव्हते म्हणून पदर सावरता येत नव्हता, करवंदीच्या काट्यांत लुगडी अडकत होती, तरी दाणा सांडू नये म्हणून त्या पावलं जपून टाकत होत्या. अर्ध्या घाटात एक म्हातारी घसरली. गुडघे फुटले, पण ओंजळ उघडली नाही.

आसावरी सगळ्यांत मागं होती. तिचीही ओंजळ भरलेली होती. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात नव्हता, तेव्हा ते तसंच वाहू दिलं.

मास्तर काठी टेकत तिच्या बाजूनं चालले होते.

खाली ठकूबाई गाडीत चढली. बायका एकामागून एक दारापाशी येऊन तिच्या पसरलेल्या पदरात ओंजळ सोडू लागल्या. मैना आईच्या खांद्यावरून ते बघत होती.

आसावरीच्या काखेतली वही घसरली. मास्तरांनी ती उचलली, मैनेचं पान काढलं आणि तिच्यापुढं धरलं. वजनाच्या रकान्यात चार महिने कोरी जागा होती.

“मास्तर,” ती हळू आवाजात म्हणाली, “इथं तिचं वजन काय लिहू…?”

मास्तरांनी पदराकडं पाहिलं. मग तिच्या हातांकडं.

“भरून यायच्या उरल्यात तेवढ्या ओंजळी लिही,” ते म्हणाले. “तुझी धरून.”