एक पंजा आणि एक बेचका

ओढ्याकाठच्या एका बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत असे. बालमित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सुगरणीचं ते सुंदर लोंबतं घरटं विणतो तो नर. मादी नुसती तपासायला येते. पातं ओढून बघते, फांदी हलवून बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर भुर्रकन निघून जाते. आमच्या या पक्ष्याच्या उजव्या पायाची दोन बोटं एका फटीत अडकून तुटली होती. आता गवताचं पातं पायाखाली दाबून धरल्याशिवाय चोचीनं गाठ मारायची कशी? दुसऱ्या पायावर तर उभं राहायचं! पहिलीच गाठ सुटायची आणि पातं खाली ओढ्यात. पावसाळा सरत आला, इतरांच्या घरट्यांत पिल्लं चिवचिवू लागली, आणि हा बिचारा हातपाय गाळून बसला. "यंदा काही आपलं घर होत नाही, आणि घर नाही तर पिल्लंही नाहीत," असं म्हणताना त्याला रडूच आलं.

त्याच बाभळीवर खारीचं एक पिल्लू होतं. त्याला पुढचा एक पंजा जन्मापासूनच नव्हता. एके दिवशी ते शेतातून भुईमुगाची शेंग तोंडात धरून वर आलं. पक्ष्याचा जीव कळवळला. "अरेरे! आण बाळा इकडे, मी सोलून देतो."

पिल्लानं शेंग घट्ट धरली आणि मान हलवली. मग ती फांदीवर ठेवून म्हणालं, "नको हो काका! सोलण्यातच तर खरी मजा असते. तुम्ही जरा सरका बरं, तुम्ही माझ्या जागेवर बसलात."

पक्षी ओशाळून बाजूला झाला. तिथे दोन फांद्यांचा एक बेचका होता. पिल्लानं शेंग त्या बेचक्यात खुपसली आणि कुरतडायला लागलं. शेंग निसटली, थेट खाली! पिल्लू उतरलं, शेंग घेऊन पुन्हा वर आलं. पुन्हा निसटली. "छे! उलटी बसली वाटतं," असं पुटपुटत ते तिसऱ्यांदा खाली गेलं. या वेळी त्यानं शेंगेचं टोक आधी आत सारलं, वरून एका पंजानं रेटलं, आणि कट्! टरफल फुटलं. गाल फुगवून ते मजेत दाणे खात बसलं.

पक्षी बघतच राहिला. सुगरणींची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी, की घरटं टांगायचं ते सरळ लोंबत्या डहाळीच्या टोकाला. बेचका असलेल्या डहाळीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. यानंही कधी बघितलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यानं ओढ्यावर झुकलेली एक बेचक्याची डहाळी शोधली, पात्याचं टोक बेचक्यात अडकवलं आणि दुसरं टोक चोचीनं ओढलं. निसटलं. पुन्हा अडकवलं. पुन्हा निसटलं. "चालायचंच!" म्हणत त्यानं नवं पातं आणलं. दुपार कलली तेव्हा कुठे पहिली गाठ बसली.

शेजारचे पक्षी हसले. "काय हे, बेचक्यात घरटं? असलं कधी बघितलं नाही बुवा!" यानं लक्ष दिलं नाही. चार दिवस सकाळ-संध्याकाळ विणकाम चाललं.

पाचव्या दिवशी एक मादी आली. पक्षी बाजूच्या फांदीवर सरकला. तिनं पातं ओढलं. गाठ हलली नाही. तिनं डहाळीला लोंबकळून चांगले झोके घेतले. गाठ तशीच! मग ती आत शिरली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. शेवटी दारातून डोकं काढून म्हणाली, "अहो, आतून थोडा ओला चिखल लावा बरं. वाऱ्यानं घर हलायला नको."

पक्षी आनंदानं उडाला तो थेट खारीच्या पिल्लाकडे. "बाळा, आज माझं घर उभं राहिलं ते तुझ्यामुळे. केवढं शिकवलंस तू मला!"

पिल्लू गोंधळलं. "मी? मी कुठे काय शिकवलं, काका? मला तर भूक लागली होती!"

तात्पर्य एवढंच : एखाद्या लहानग्यात काय कमी आहे हे पाहून हळहळू नये, ते त्यातून वाट कशी काढतं हे पाहावं, म्हणजे आपलीही अडलेली वाट सापडते.