शेवंताचा साकव

बाबा गेल्यापासून शेवंताच्या झोपडीत रोज एकच भाकरी व्हायची. अर्धी आईला, अर्धी तिला. झग्याला ठिगळं, पण डोळे कसे चांदण्यांसारखे लुकलुकायचे!

दरवर्षी पावसाळा सरला की ओढ्यावर साकव, म्हणजे बांबूचा इवलासा पूल, बाबाच बांधायचे. यंदा कोण बांधणार? पलीकडची शाळा तर दिवाळीच्या सुट्टीनंतर उद्याच उघडणार. साकव नाही, तर वाडीतल्या मुलांना शाळा नाही.

"मी बाबांचं काम पाहिलंय. मी सांगते, तसं करू या," शेवंता म्हणाली. मोठी माणसं भातकापणीला गेलेली. आले ते बबन, आणखी चार मुलं आणि थरथरत्या हातांचे म्हातारे दगडूकाका.

"चला, मुकादमीणबाई!" बबननं चिडवलं.

बांबू ओढताना वाटेत तेरड्याचा गुलाबी ताटवा लागला.

"थांबा रे! फुलं चिरडतील. वळसा घेऊ."

"आधीच उशीर, त्यात वळसा!" बबन कुरकुरला. पण वळला.

शेवंता मागे राहिली, तर फुलातून किणकिण हसू! आत अंगठ्याएवढी परी बसलेली. चतुर किड्याचे असतात तसे झुळझुळीत निळे पंख.

"माझं घर वाचवलंस गं! हे घे दोन दवमोती. मुठीत धर आणि माग. पण ज्यानं काम केलं, त्याचं नाव घ्यायचं. काम बिघडलं, तर ज्याच्यामुळे बिघडलं, त्याचं. नाव खोटं निघालं, तर मोत्याचं पाणी होईल."

शेवंता धावत बबनपाशी आली आणि एक मोती मुठीत धरून म्हणाली, "बांबू बबननं तोडले. ते हलके होऊ देत." झाले की पिसासारखे! बबनची छाती फुगली.

दुपार कलली. दगडूकाका वेलीचे तीन-तीन वेढे घालून गाठी मारत होते.

"काका, एकच वेढा पुरे! आटपा!"

"तुझा बाबा तीन घालायचा गं, पोरी."

"आज वेळ नाही!"

ऊन पिवळं झालं. साकव उभा राहिला, आणि करकरत मधोमध खचला.

"काकांची गाठ सुटली! हात बघा कसे थरथरतात," बबन म्हणाला. काकांनी हात पाठीमागे लपवले.

शेवंताच्या मुठीत दुसरा मोती होता. खरं सांगितलं, तर उद्यापासून तिचं कोण ऐकणार? तिनं मूठ घट्ट आवळली.

"काकांचं बरोबर होतं. वेढे मी कमी करायला लावले. साकव शेवंतामुळे खचला. तो काकांच्या तीन वेढ्यांनी उभा राहू दे."

मोती लखलखला! वेली सळसळल्या. एक वेढा, दोन, तीन! गाठीगाठीतून गुलाबी फुलं उमलली.

"व्हा पुढे, मुकादमीणबाई," बबन म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता. "पहिलं पाऊल तुझं."

"काकांचं," शेवंता म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. तो जराही थरथरत नव्हता. मागून मुलं नाचत, ओरडत पलीकडे गेली.

तेरड्यातून सोनेरी झोत उसळला. त्यात दोन निळे पंख चमकले आणि उजेडात उजेड होऊन गेले.